दक्षिण ध्रुव नेमका किती उंच?

भूगोलाच्या तासाला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. दक्षिण ध्रुवावर जाऊन उभ्या राहिलेल्या माणसाला कशाचा त्रास होईल? सगळी मुले एका सुरात सांगतील, "थंडीचा!" उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. थंडीसाठी अंगावर जाडजूड कपडे घालता येतात. दक्षिण ध्रुवावर आणखी एक अडचण आहे आणि तिच्यावर कोणताही कपडा चालत नाही. ती अडचण म्हणजे विरळ हवा.

तिथली हवा विरळ असते, कारण दक्षिण ध्रुव उंचावर आहे. मग पुढचा प्रश्न येतो, किती उंचावर? नकाशा सांगतो, समुद्रसपाटीपासून २८३५ मीटर. तिथे उतरलेल्या माणसाचे शरीर मात्र वेगळेच उत्तर देते. त्याला ही जागा ३२०० मीटरपेक्षा जास्त उंच वाटते, आणि काही दिवशी तर लेहइतकी, म्हणजे ३५०० मीटरच्या आसपास. नकाशाही खोटे बोलत नाही आणि शरीरही खोटे बोलत नाही. मग हा फरक आला कुठून? याचा शोध घेताना हवेचा दाब, तापमान, श्वसन आणि रक्ताभिसरण असे पाठ्यपुस्तकात चार ठिकाणी विखुरलेले धडे एकत्र येतात. म्हणून हा विषय आम्ही या लेखासाठी घेतला आहे.

बर्फाचे पठार

उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव ही जोडनावे असली तरी दोन्ही जागा अगदी वेगळ्या आहेत. उत्तर ध्रुवावर समुद्र आहे आणि त्यावर काही मीटर जाडीचा बर्फ तरंगतो. दक्षिण ध्रुवावर खंड आहे आणि त्या खंडावर हजारो वर्षे साठत गेलेल्या बर्फाचे प्रचंड पठार आहे. ध्रुवापाशी या बर्फाची जाडी सुमारे २७०० मीटर भरते. ठाण्याची उंची २८३५ मीटर, त्यातून बर्फाची जाडी वजा केली तर काय उरते? अगदी थोडे. म्हणजे खालचा खडक समुद्रसपाटीच्या आसपासच आहे आणि वरची सगळी उंची बर्फाची आहे. कळसूबाईच्या पायथ्यापासून नव्हे, तर थेट समुद्रसपाटीपासून मोजलेल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) दीडपटीहून जास्त उंचीचा हा बर्फाचा थर आहे.

या पठारावर अमेरिकेचे अमुंडसेन-स्कॉट संशोधन ठाणे आहे. नाव अर्थातच ध्रुवावर प्रथम पोहोचलेल्या दोन तुकड्यांच्या नेत्यांचे. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी पोहोचला, तर इंग्लंडचा रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी. ठाण्याचे बांधकाम १९५६ च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासून तिथे बाराही महिने माणसांची वस्ती आहे. उन्हाळ्यात सुमारे दीडशे माणसे, हिवाळ्यात चाळीस-पंचेचाळीस. वर्षाचे सरासरी तापमान उणे ४९ अंश सेल्सिअस. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात, ते उणे २८ च्या आसपास असते.

इतक्या गैरसोयीच्या जागी माणसे का राहतात? गंमत अशी की, माणसाला जाचणारी विरळ आणि कोरडी हवा हीच खगोलशास्त्रज्ञांना हवी असते. हवेतली वाफ अवकाशातून येणाऱ्या काही लहरी शोषून घेते, आणि ध्रुवावर वाफ जवळजवळ नसतेच. तिथे दहा मीटर व्यासाची दुर्बीण २००७ पासून काम करते. बर्फातच दीड ते अडीच किलोमीटर खोलीवर न्यूट्रिनो कण टिपणारी उपकरणे पुरलेली आहेत. ते काम २०१० साली पूर्ण झाले.

छप्पन दिवस आणि तीन तास

अमुंडसेनची तुकडी कुत्र्यांच्या स्लेजवरून किनाऱ्याजवळच्या तळापासून ध्रुवापर्यंत सुमारे छप्पन दिवसांत पोहोचली. आज बहुतेक माणसे कशी जातात ते पाहू. न्यूझीलंडमधल्या ख्राईस्टचर्च शहरातून विमानाने मॅकमर्डो या किनाऱ्यावरच्या ठाण्यावर. मॅकमर्डो जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. तिथून हर्क्युलिस जातीच्या, चाकांबरोबर बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्याही बसवलेल्या मालवाहू विमानाने ध्रुवावर. अंतर सुमारे १३५० किलोमीटर, वेळ सुमारे तीन तास. वाटेत रॉस हिमपट्टी, ट्रान्सअंटार्क्टिक पर्वतरांग आणि मग क्षितिजापर्यंत सपाट पांढरे पठार. उतरल्यावर विमानाची इंजिने सहसा बंद करत नाहीत, कारण त्या थंडीत ती पुन्हा सुरू होतील याची खात्री नसते. पंखे फिरत असतानाच प्रवासी खाली उतरतात.

विमानालाही ही जागा सोपी नाही. ध्रुवावर पहिले विमान ३१ ऑक्टोबर १९५६ रोजी उतरले. रिअर ॲडमिरल जॉर्ज ड्यूफेक आणि त्यांचे साथीदार त्यात होते. तापमान उणे पन्नासच्या आसपास होते. एकोणपन्नास मिनिटांनी ते परत निघाले तर विमान हलेना! पट्ट्या बर्फाला चिकटल्या होत्या आणि विरळ हवेत इंजिनाचा जोर पुरत नव्हता. शेवटी विमानाला बांधलेली पंधरा छोटी रॉकेटे उडवावी लागली, तेव्हा ते कसेबसे उठले.

इंजिनाची ही तऱ्हा, तर माणसाच्या फुप्फुसांची काय असेल? विमानाच्या आत हवेचा दाब थोडा वाढवलेला असतो. ध्रुवावर दार उघडले की ती सवलत संपते. सकाळी समुद्रसपाटीला नाश्ता केलेला माणूस दुपारच्या जेवणाला तीन हजार मीटरच्या वर पोहोचलेला असतो, आणि त्याच्या शरीराला तयारीला काही तासच मिळालेले असतात.

वह्यांचे दोन गठ्ठे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २८३५ मीटरची जागा शरीराला ३२०० मीटरची का वाटावी?

आधी हे लक्षात घेऊ की आपल्या शरीराला उंची कळतच नाही. त्याला कळतो तो हवेचा दाब. आणि हवेचा दाब म्हणजे आपल्या डोक्यावर असलेल्या हवेचे वजन. जेवढे वर जाऊ तेवढी डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाब कमी. समुद्रसपाटीला दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर एवढा असतो. २८३५ मीटर उंचीवर सरासरी हवामानात तो सुमारे ५३७ मिलिमीटर असायला हवा. दक्षिण ध्रुवावर प्रत्यक्षात तो सरासरी ५१० मिलिमीटरच्या आसपास भरतो. एवढा दाब एरवी ३२०० मीटरच्या थोडे वर सापडतो.

याचे मुख्य कारण वर्गात वह्यांच्या मदतीने दाखवता येते. दहा कोऱ्या, घट्ट वह्या घ्या आणि त्यांचा गठ्ठा रचा. समजा प्रत्येक वही एक सेंटिमीटर जाड आहे, तर गठ्ठा दहा सेंटिमीटर उंच होईल. आता वापरून फुगलेल्या तशाच दहा वह्या घ्या. त्या प्रत्येकी सव्वा सेंटिमीटर जाड आहेत असे धरू. हा गठ्ठा साडेबारा सेंटिमीटर होईल. दोन्हीकडे वह्या दहाच, म्हणून टेबलावर पडणारे वजन सारखेच. पण टेबलापासून पाच सेंटिमीटर उंचीवर खूण करा आणि खुणेच्या वर किती वह्या आहेत ते मोजा. घट्ट गठ्ठ्यात पाच, फुगलेल्या गठ्ठ्यात सहा. एकाच उंचीवर, घट्ट गठ्ठ्यात वरचे वजन कमी!

थंड हवा म्हणजे घट्ट वह्यांचा गठ्ठा. तापमान उतरले की हवा आकुंचन पावते, हवेचा स्तंभ बुटका होतो आणि हवेचा जास्त भाग खालीच दाटून बसतो. मग २८३५ मीटरच्या खुणेवर उभे राहणाऱ्याच्या डोक्यावर कमी हवा उरते. खऱ्या हवेत सगळ्यात खालच्या 'वह्या' सगळ्यात पातळ दाबलेल्या असतात आणि वर जावे तशा जाड होत जातात, एवढा फरक मुलांना जरूर सांगावा. पण मुद्दा तोच राहतो. हवामानाचे सर्वात खालचे आवरण विषुववृत्तावर सोळा-सतरा किलोमीटर आणि ध्रुवांवर आठ-नऊ किलोमीटर जाड असते, हे वाक्य मुले पाठ करतात. त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण आहे.

दुसरे कारण असे की अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रावर कमी दाबाचा एक कायमचा पट्टा असतो. तिथे एकामागून एक वादळे फिरत असतात. त्यामुळे मॅकमर्डोला समुद्रसपाटीवरच दाब ७६० नव्हे, तर सरासरी सुमारे ७४० मिलिमीटर असतो. म्हणजे आमच्या गठ्ठ्यातली अर्धी-पाव वही मुळातच कमी आहे. ही दोन्ही कारणे मिळून ध्रुवाची उंची 'वाढवतात'.

शिवाय हवामान बदलले की दाब बदलतो. कमी दाबाचा प्रदेश पठारावरून जाऊ लागला आणि दाब ५१० वरून ४९५ मिलिमीटरवर आला, तर शरीराच्या दृष्टीने ठाणे ३२०० वरून सुमारे ३४७० मीटरवर जाते. माणूस खाटेवर झोपून आहे, पण त्याने अडीचशे मीटरचा डोंगर चढला! म्हणून ठाण्यावरचे लोक तापमानाबरोबर रोजची 'दाबाची उंची'ही पाहतात.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे नव्हे

ध्रुवावरच्या विरळ हवेचे एक कारण पुष्कळदा असे सांगितले जाते की, पृथ्वी फिरते, म्हणून हवा विषुववृत्ताकडे फेकली जाते आणि ध्रुवावर कमी उरते. ऐकायला पटणारे आहे. पण पृथ्वी फिरते म्हणून केवळ हवाच नव्हे, तर पृथ्वी स्वतः आणि तिच्यावरचा समुद्रही विषुववृत्तापाशी फुगलेला आहे. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. म्हणून काही विषुववृत्तावर २१ किलोमीटर खोल पाणी आणि ध्रुवाकडे कोरडे, असे होत नाही. उंची आपण मोजतो ती या फुगलेल्या समुद्रसपाटीपासूनच. तेव्हा हवेचा फुगवटा आणि उंचीचा शून्य दोन्ही एकत्रच वर सरकतात आणि हिशेबात फरक राहत नाही. खरा फरक पडतो तो तापमानाने.

याचा उलटा पुरावा एव्हरेस्टवर सापडतो. एव्हरेस्ट २८ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे उष्ण कटिबंधाच्या जवळ आहे. तिथली हवा ध्रुवाच्या मानाने उबदार, म्हणजे 'फुगलेल्या वह्यांचा' गठ्ठा. नेहमीच्या तक्त्यानुसार ८८४८ मीटरवर दाब २३६ मिलिमीटर यायला हवा. २४ ऑक्टोबर १९८१ रोजी ख्रिस पिझो या गिर्यारोहक डॉक्टरांनी शिखरावर दाब प्रत्यक्ष मोजला तेव्हा तो २५३ मिलिमीटर भरला. सतरा मिलिमीटरचा हा फरक किरकोळ वाटेल, पण तेवढ्या उंचीवर जीव त्याच्यावरच टांगलेला असतो. राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर यांनी १९७८ साली ऑक्सिजनच्या नळकांड्यांशिवाय एव्हरेस्ट सर केले. हेच शिखर ध्रुवाजवळ असते तर नळकांड्याशिवाय त्याचा माथा गाठणे माणसाच्या आवाक्याबाहेर गेले असते, असे या विषयाचे अभ्यासक मानतात.

श्वासाचा जमाखर्च

आता हवा शरीरात जाऊ द्या. विरळ हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते, असे मुले हमखास लिहितात. ते चूक आहे. ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो. कमी असतो तो त्याचा दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा.

हवा नाकातून आत जाताना शरीराच्या तापमानाला येते आणि वाफेने भरून जाते. या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर असतो. मुंबईत असा की ध्रुवावर असा, हा आकडा तोच. एकूण दाबातून तो आधी वजा करायचा.

समुद्रसपाटीला: ७६० वजा ४७, उरले ७१३. त्याचे २१ टक्के, म्हणजे सुमारे १५०.
ध्रुवावर: ५१० वजा ४७, उरले ४६३. त्याचे २१ टक्के, म्हणजे सुमारे ९७.

फुप्फुसांतल्या वायुकोशांत रक्तातून आलेला कार्बन डायऑक्साईडही जागा अडवून बसलेला असतो. त्याचा दाब एरवी ४० मिलिमीटर असतो. ढोबळमानाने त्याच्या प्रत्येक मिलिमीटरमागे ऑक्सिजनचा सव्वा मिलिमीटर खर्ची पडतो. म्हणजे ५० वजा. समुद्रसपाटीला वायुकोशात ऑक्सिजन उरला १०० मिलिमीटर, ध्रुवावर ४७.

हा आकडा पाहून शरीर काय करील? बाहेरचा दाब त्याच्या हातात नाही, वाफेचे ४७ हातात नाहीत. हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कार्बन डायऑक्साईड. श्वास जोरात आणि खोल घेतला तर तो जास्त प्रमाणात बाहेर पडेल. समजा तो ४० वरून ३२ वर आणला. मग ५० ऐवजी ४०च वजा होतील आणि ऑक्सिजन ४७ ऐवजी ५७ होईल. केवळ श्वास वाढवून दहा मिलिमीटरची कमाई! या दहा मिलिमीटरमुळे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनने भरलेली जागा ढोबळमानाने ८२ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून विरळ हवेत धाप लागणे हा नुसता त्रास नसून शरीराने केलेला पहिला उपाय आहे, हे मुलांना या हिशेबातून छान पटते.

शरीराला दिवस का लागतात?

हा उपाय लगेच पूर्ण का होत नाही? कारण शरीरात दोन पहारेकरी आहेत आणि त्यांचे एकमेकांशी पटत नाही. पहिला मानेतल्या रोहिणीपाशी, तांदळाच्या दाण्याएवढा. तो रक्तातल्या ऑक्सिजनवर नजर ठेवतो आणि ऑक्सिजन उतरला की "श्वास वाढवा" असा निरोप पाठवतो. दुसरा मेंदूच्या देठात. तो कार्बन डायऑक्साईड आणि आम्लता पाहतो. जास्त श्वासाने कार्बन डायऑक्साईड बाहेर गेला की रक्त अल्कधर्मी होऊ लागते आणि हा दुसरा पहारेकरी म्हणतो, "पुरे, आता श्वास कमी करा." एक गाडी पळवतो, दुसरा ब्रेक दाबतो.

हा ब्रेक सोडवण्याचे काम मूत्रपिंडे करतात. रक्तातला जादा बायकार्बोनेट ती लघवीवाटे बाहेर टाकतात, तसतशी आम्लता जागेवर येते आणि श्वास मोकळेपणी वाढू शकतो. पण या कामाला काही दिवस लागतात. विरळ हवेला सरावणे म्हणतात त्याचा मोठा भाग हाच आहे. पहिल्या रात्री झोपेत श्वास वाढत वाढत जातो, मग काही सेकंद थांबतो, मग माणूस दचकून जागा होतो. या दोन पहारेकऱ्यांचीच ती ओढाताण असते.

मूत्रपिंडे पाणीही बाहेर टाकतात. त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत रक्त थोडे दाट होते आणि तेवढ्याच रक्तात हिमोग्लोबिन जास्त भरते. नव्या तांबड्या पेशी तयार करण्याचा आदेश काही तासांतच सुटतो, पण त्या मोठ्या संख्येने रक्तात येण्यास आठवडे लागतात. "उंचावर गेले की तांबड्या पेशी वाढतात" हे पाठ्यपुस्तकातले वाक्य खरे आहे, पण पहिल्या आठवड्यात माणसाला तारतात ती फुप्फुसे आणि मूत्रपिंडे.

ध्रुवावर यात कोरडेपणाची भर पडते. उणे ३० अंशांची हवा वाफेने पूर्ण भरलेली असली, तरी ती घरात आणून २० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता दोन टक्क्यांच्या खाली जाते. प्रत्येक श्वासाबरोबर शरीर या हवेला पाणी पुरवत असते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येते आणि तहान लागली नाही तरी पाणी कमी पडते. पाणी कमी पडल्यानेही डोके दुखते, म्हणून दुखणे कशाचे हे ओळखणे अवघड होते.

सरावण्याआधीच शरीर थकले तर

स्पेनचा धर्मप्रसारक होसे दे अकोस्टा याने दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात झालेल्या त्रासाचे वर्णन १५९० साली छापले आणि तिथली हवा माणसाच्या श्वासाला फार विरळ असावी, असा अचूक तर्क केला. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ साली, कमी दाबाच्या कोठीत केलेल्या प्रयोगांवरून, त्रासाचे मूळ ऑक्सिजनच्या कमी दाबात आहे हे दाखवून दिले.

हा त्रास पोहोचल्यापासून सहा ते बारा तासांत सुरू होतो. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर, झोप न लागणे. विमानाने ध्रुवावर गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे निम्म्या जणांत अशी लक्षणे आढळली. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत आराम पडतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र आजार पुढे सरकतो. फुप्फुसांत पाणी साचते किंवा मेंदूला सूज येते, आणि मग ताबडतोब उपचार न झाल्यास जीव जाऊ शकतो. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, माणूस तरुण आणि धडधाकट आहे म्हणून तो सुटतो असे नाही. उलट, धट्टेकट्टे लोक पहिल्याच दिवशी कामाला जुंपून घेतात आणि आजारी पडतात.

डोंगरावर याचा सर्वांत खात्रीचा उपाय अगदी सोपा आहे: खाली उतरा. पाचशे-हजार मीटर उतरले तरी माणूस सुधारू लागतो. ध्रुवावर नेमका हाच उपाय नाही. पठार शेकडो किलोमीटर सपाट आहे. खाली जायचे तर विमान हवे, आणि विमान येण्यासाठी हवामान चांगले हवे. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबर अखेरीपर्यंत तर नेहमीची विमाने येतच नाहीत. कडाक्याच्या थंडीत इंधन आणि यंत्रातले तेल गोठू लागते आणि सहा महिने रात्र असते. २००१ च्या एप्रिलमध्ये ठाण्याचे डॉक्टरच आजारी पडले, आणि २०१६ च्या जूनमध्येही आजाऱ्यांना हलवावे लागले. दोन्ही वेळा लहान ट्विन ऑटर विमाने अंधारात, जीव धोक्यात घालून गेली.

म्हणून सगळी भिस्त आधीच्या काळजीवर असते. निघण्यापूर्वी कसून वैद्यकीय तपासणी. पोहोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस जड काम नाही, पाणी भरपूर, मद्य नाही. काहींना डॉक्टर ॲसिटाझोलामाईड हे औषध देतात. ते मूत्रपिंडांना बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, म्हणजे वर सांगितलेला ब्रेक लवकर सोडवते. शरीर जे काही दिवसांत करणार तेच ते लवकर करवून घेते. शिवाय ऑक्सिजन असतो, आणि हवा भरून दाब वाढवता येईल अशी माणूस मावणारी बंद पिशवी असते. तिच्यात आजाऱ्याला ठेवले की जागा न सोडताच तो जणू हजारभर मीटर किंवा त्याहून अधिक खाली उतरतो. खाली जाता येत नाही, तर 'खाली' आपल्याकडे आणायचे!

आपल्याकडे

हा प्रश्न आपल्याला परका नाही. भारताची मैत्री आणि भारती ही अंटार्क्टिकावरची ठाणी किनाऱ्याजवळ, कमी उंचीवर आहेत, त्यामुळे तिथे थंडी असली तरी हवा विरळ नसते. पण गोव्यातल्या आपल्या ध्रुवीय संशोधन केंद्राची तुकडी रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली मैत्रीहून बर्फावरच्या गाड्यांनी निघाली आणि २२ नोव्हेंबर २०१० रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचली. जमिनीवरून गेल्यामुळे त्यांची चढण काही दिवसांत वाटली गेली.

विमानाने चढण्याची किंमत भारताला त्याआधीच कळली होती. १९६२ च्या युद्धात आणि त्यानंतर मैदानी भागातल्या जवानांना थेट हिमालयात पोहोचवावे लागले आणि अनेक जण शत्रूच्या गोळीऐवजी विरळ हवेने आजारी पडले. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकारी लष्करी डॉक्टरांनी अशा १९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला. आज आपल्या सैन्यात सुमारे २७०० ते ३६०० मीटरच्या पहिल्या टप्प्यावर सहा दिवस सरावासाठी ठेवतात आणि त्यातले पहिले दोन दिवस विश्रांतीचे असतात.

आता मुंबई-पुण्याची कुटुंबे आणि शाळांच्या सहलीही दिल्लीमार्गे विमानाने थेट लेहला उतरतात. लेहचा दाब सुमारे ५०० मिलिमीटर, म्हणजे दक्षिण ध्रुवाच्याच पंक्तीतला. "वेळ कमी आहे" म्हणून त्याच दिवशी आणखी उंच खिंडीत जायचा बेत आखला जातो. सहलीबरोबर जाणाऱ्या शिक्षकाने हा बेत बदलून घ्यावा. पहिले दोन दिवस स्वस्थ राहणे म्हणजे वेळ फुकट घालवणे नव्हे. मूत्रपिंडांना त्यांचे काम करू देणे होय. डोके दुखणाऱ्या मुलाला आणखी वर नेऊ नये. बसल्या जागी धाप लागत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलणे असंबद्ध होत असेल, तर त्याच वेळी डॉक्टर गाठावा आणि मुलाला खाली आणण्याची व्यवस्था करावी. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

वर्गासाठी

१. महाबळेश्वरला प्लास्टिकची रिकामी बाटली घट्ट बंद करा आणि पसरणी घाटातून वाईला उतरल्यावर तिच्याकडे पाहा. ती का चेपली? बाटलीत हवा कमी झाली का? वाईला बंद केलेली बाटली वर नेली तर काय दिसेल?

२. वर दिलेला श्वासाचा जमाखर्च कळसूबाईसाठी मांडा. शिखरावर दाब सुमारे ६२५ मिलिमीटर धरा. मुलांच्या उत्तरावरून तिथे फारसा त्रास का होत नाही यावर चर्चा करा.

३. ध्रुवावर पाणी सुमारे ८९ अंशांना उकळते. तिथल्या स्वयंपाकघरात तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजवली तर काय होईल? कुकरने काय फरक पडेल?

४. वह्यांचा गठ्ठा उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या लेहसाठी लावून पाहा. एकाच जागी, कोणत्या ऋतूत शरीराला लेह जास्त उंच वाटेल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी स्वतः काढले, तर उंची आणि दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना समजले असे मानायला हरकत नाही.